फाशी हवी की नको? नववीच्या वर्गातला वाद



मागच्या महिन्यात दहावीनंतर मुलींनी काय शिकावं यावर लिहिलं होतं. बऱ्याच भगिनींचे फोन आले, एकेकीला उत्तर देतेच आहे. या वेळचा विषय मात्र मी शोधला नाही. तो वर्गात निघाला आणि माझ्या मागोमाग घरी आला.

आंतरशालेय वादविवाद स्पर्धेसाठी विषयांची यादी आली होती. प्लास्टिक, मोबाइल, परीक्षा हे नेहमीचे विषय होतेच. सगळ्यात शेवटी होतं, ‘फाशीची शिक्षा असावी की नसावी?’ मुलांनी एका आवाजात हाच विषय मागितला. तयारी करण्याआधी मी हात वर करायला सांगितले. एकेचाळीस मुलांपैकी अडतीस जणांचे हात ‘असावी’ला वर गेले, ‘नसावी’ला तीन. त्या तिघांतल्या एकाला मी कारण विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, सगळेच एका बाजूला गेले तर स्पर्धा कशी होणार?” वर्ग हसला, मीही हसले. खरं सांगायचं तर मला हात वर करायचा असता, तर मीही त्या अडतिसांतच असते. आपल्या मुलींवर अत्याचार झाल्याच्या बातम्या वाचून माझ्याही तोंडून ‘द्या त्याला फाशी’ असं कितीदा तरी निघालेलं आहे.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक शांत मुलगी उभी राहिली. “मॅडम, चुकीच्या माणसाला दिली तर?”

मी शिक्षकी थाटात सांगितलं, की तसं होऊ नये म्हणूनच कायद्यात पायऱ्या आहेत. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने ती पक्की केल्याशिवाय कुणालाही फासावर नेता येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय आहे. म्हणजे तीनदा तपासणी होते.

ती म्हणाली, “आणि तिन्ही वेळा चुकलं तर?”

घंटा झाली. उत्तर उद्या देते म्हणाले आणि सुटले. त्या रात्री वाचायला बसले, तेव्हा कळलं की तिचा प्रश्न काल्पनिक नव्हता. आपल्याच महाराष्ट्रात तसं घडलेलं आहे.

जून २००३ मधली घटना आहे. नाशिकजवळ एका शेतातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. एकाच कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. वाचतानाही हात थरथरावा असा गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीचे, मजुरी करून पोट भरणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण दिल्लीला गेलं. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही काढली आणि सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. जसजसे वर गेले तसतशी शिक्षा वाढली.

आणि मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल ओळखला जातो. न्यायालयाने म्हटलं की तपासच धड झाला नव्हता. त्या रात्री जखमी होऊन वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा माग कुणी काढला नाही. पकडलेल्यांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. तेही पुढे कितीतरी वर्षांनी सिद्ध झालं. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली कित्येक फाशीच्या सावलीत. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. आपल्या मुलाची पहिली ते दहावी, वर पदवी आणि बीएड धरा, तेवढा काळ झाला. त्याचे पाच लाख.

हे प्रकरण पुन्हा उघडलं कसं, तेही सांगते. फाशीच्या प्रकरणातली पुनर्विचार याचिका पूर्वी न्यायाधीश आपल्या दालनात कागदावरच पाहत. २०१४ मध्ये घटनापीठाने ठरवलं की माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर ती खुल्या कोर्टात ऐकली पाहिजे. त्यानंतर या सहा जणांना पुन्हा दार मिळालं. त्याआधीच त्यांना फाशी झाली असती तर निर्दोष सुटण्याचा कागद कुणाच्या हातात दिला असता?

अजून एक तारीख ध्यानात ठेवा. ३० एप्रिल २००९ ला त्या सहा जणांना फाशी झाली. त्यानंतर तेराच दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच संतोष बारियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितलं, की रावजी नावाच्या राजस्थानातल्या कैद्याचा जुना निकाल चुकीचा होता, कारण त्यात फक्त गुन्हा पाहिला, गुन्हेगाराची परिस्थिती पाहिलीच नाही. तो निकाल यापुढे आधार म्हणून धरता येणार नाही. पण सहा जणांना फाशी देताना त्याच निकालाचा आधार घेतलेला होता. आणि खुद्द रावजी? तो १९९६ मध्येच फासावर गेला होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांची शिक्षा कमी करा. न्यायाधीशांनीच राष्ट्रपतींना असं लिहावं, हे मी तरी पहिल्यांदाच वाचलं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी वर्गात सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग गणपतीच्या कारखान्यात वडिलांना मदत करणारा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मग ज्यांनी खरंच मारलं ते कुठं आहेत?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. खरंच, कुठे आहेत? ज्या घरातली पाच माणसं गेली, त्या घराला सोळा वर्षं वाटत राहिलं की इन्साफ झाला. सोळा वर्षांनी कळलं की झालाच नव्हता. चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा दोन घरं बुडतात, आणि खरा गुन्हेगार बाजारात फिरत राहतो.

आता विषय घेतलाच आहे तर राज्याराज्यांत काय आहे तेही पाहू, कारण मुलांना स्पर्धेसाठी ते लागणारच होतं. देशाचा फौजदारी कायदा एकच आहे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही मृत्युदंड आहे. पण राज्यं आपापली भर घालतात. आपल्याकडे १९९९ पासून मोक्का आहे, त्यात संघटित टोळीच्या गुन्ह्यात माणूस मेला तर फाशी होऊ शकते. गुजरातने जुन्या मुंबई दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली, विषारी दारूने माणसं दगावली तर ती विकणाऱ्यालाही मृत्युदंडाची तरतूद केली. मध्य प्रदेश विधानसभेने डिसेंबर २०१७ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरील बलात्कारासाठी फाशीचं विधेयक मंजूर केलं आणि पुढच्याच वर्षी केंद्राने तसा कायदा केला. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये ‘दिशा’ विधेयक आणलं, महाराष्ट्राने ‘शक्ती’ आणि पश्चिम बंगालने २०२४ मध्ये ‘अपराजिता’. आपलं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झालाच नाही.

याच्या उलट वाटही आहे. त्रिपुरा विधानसभेने ऑगस्ट २०१५ मध्ये फाशी रद्द करावी असा ठराव एकमताने केला. त्याच महिन्यात केंद्राच्या विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे सोडून बाकी सगळ्यांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली. ती शिफारस तशीच पडून आहे. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्येच फाशी बंद केली होती, भारतीय कायदा लागू झाल्यावर ती परत आली. आपल्या शेजारच्या गोव्याचं तर मुलांना नवलच वाटलं. पोर्तुगालने १८६७ मध्ये साध्या गुन्ह्यांसाठी फाशी बंद केली आणि १८७० मध्ये हा नियम आपल्या वसाहतींनाही लावला. म्हणजे सावंतवाडीत खुनासाठी फाशी होऊ शकत होती तेव्हा पलीकडे पेडण्यात होत नव्हती. गोवा मुक्त झाला, भारतीय कायदा आला आणि त्याबरोबर फाशीही आली. घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९४९ मध्ये स्वतःचं मत सांगितलं होतं की फाशी रद्दच करणं त्यांना पसंत पडेल. हे वाक्य मुलांनी आपल्या वहीत अधोरेखित केलं.

अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मिशिगनने १८४६ मध्येच खुनासाठी फाशी बंद केली. टेक्सासमध्ये १९८२ पासून पाचशेहून अधिक जणांना मृत्युदंड दिला गेला. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये तो रद्द केला. त्या देशात १९७३ पासून सुमारे दोनशे माणसं मृत्युदंड झाल्यावर निर्दोष ठरून सुटली आहेत. म्हणजे पैसा आहे, प्रयोगशाळा आहेत, तिथेही चुकतंच.

तिसऱ्या दिवशी ‘असावी’ बाजूच्या एका मुलाने मुद्दा मांडला, “मॅडम, फाशी फक्त वाईट माणसांनाच होते.” मी फळ्यावर चार नावं लिहिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. वर्गात एकालाही कुर्बान हुसेन माहीत नव्हता. विशीतला तरुण, सोलापूरच्या गिरणी कामगारांत काम करायचा, ‘गजनफर’ नावाचं पत्र चालवायचा. मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, इंग्रजांनी लष्करी कायदा लावला. पोलिसांच्या खुनाचा खटला चालवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. भगतसिंगांच्या अडीच महिने आधी. आज सोलापुरात त्या चौघांचे पुतळे आहेत. तेव्हाच्या कोर्टाच्या कागदावर ते खुनी होते. दोर ज्याच्या हातात असतो त्याची नजर बदलते, पण खाली उतरवलेला माणूस परत येत नाही.

आता आपल्या घरात विचारला जाणारा प्रश्न घेते. माझ्याच नणंदेने विचारलं, “भाभी, आपल्या शरीयतमध्ये किसास आहे ना? मग आपण फाशीच्या विरोधात कसं बोलायचं?”

बरोबर आहे. कुरआनमध्ये किसास आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण जिथे किसास सांगितला आहे, त्याच सूरह बकराच्या आयतीत (१७८) वारसाने माफ केल्याची वाटही सांगितलेली आहे, आणि तिला रबची सवलत व रहमत म्हटलं आहे. सूरह माइदामध्ये (४५) माफ करणाऱ्यासाठी ते त्याच्या गुनाहांचं प्रायश्चित्त ठरतं, असा आशय आहे. म्हणजे जीवाच्या बदल्यात जीव हा हक्क आहे, सक्ती नाही. फिक्हमधला एक नियम तर मदरशातली मुलंही जाणतात, की शंका आली तर हद्द लागू होत नाही. कबुली, साक्षीदार यांवर आलिमांनी किती कडक अटी घातल्या ते पाहिलं, तर लक्षात येतं की त्यांना शिक्षेची घाई नव्हती, चुकीची भीती होती.

मुस्लिम देशांतही एकच एक चित्र नाही. सौदी अरबमध्ये २०२४ मध्ये तीनशेहून अधिक जणांना मृत्युदंड दिला गेला, इराणचा आकडा त्याहूनही मोठा. दुसरीकडे तुर्कस्तान आणि सेनेगल यांनी २००४ मध्ये, उझबेकिस्तानने २००८ मध्ये तो रद्द केला. मलेशियाने २०२३ मध्ये सक्तीचा मृत्युदंड काढून न्यायाधीशांना पर्याय दिला. ट्युनिशियात कायदा आहे, पण १९९१ पासून कुणाला फाशी झालेली नाही.

इराणमधलीच एक घटना तुम्हाला आठवत असेल, फोटो सगळीकडे फिरला होता. एप्रिल २०१४, नूर शहर. सात वर्षांपूर्वी भांडणात आपल्या मुलाचा खून करणाऱ्या तरुणाच्या गळ्यात दोर होता. आई पुढे आली, त्याला एक थप्पड मारली, आणि मग नवऱ्याच्या मदतीने तो दोर काढला. ती थप्पड मला फार खरी वाटते. तिने राग नसल्याचं नाटक केलं नाही.

आणि केरळची गोष्ट. आपल्या रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत, म्हणून ही आपल्याला जवळची. कोझिकोडचा एक ड्रायव्हर सौदीत कामाला होता. २००६ मध्ये त्याच्या हातून मालकाच्या आजारी मुलाचा मृत्यू झाला असं ठरलं आणि त्याला मृत्युदंड झाला. कुटुंब शेवटी दियत घेऊन माफ करायला तयार झालं. दीड कोटी रियाल, म्हणजे सुमारे ३४ कोटी रुपये. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती लोकांनी मोबाइलवरून, डबे फिरवून ती रक्कम जमवली आणि जुलैमध्ये त्याची फाशी रद्द झाली. माणुसकीवरचा विश्वास वाढवणारी गोष्ट आहे. पण मनात एक काटाही राहतो. ज्याच्या गावाला चौतीस कोटी जमवता येत नाहीत, त्याचं काय? माफी अल्लाहने गरिबालाही दिली आहे, ती पैशावर अडू नये.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबले होते, कारण खरी अडचण माझ्या घरातलीच होती. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणं म्हणजे लबाडी झाली असती.

माझ्या मामूंचा खून झाला तेव्हा मी शाळेत होते. रोह्याकडच्या आमच्या आजोळी, शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि शेजारच्याच घरातल्या बावीस वर्षांच्या मुलाने कोयता चालवला. मामू तेवीस वर्षांचे. आमच्या घरात सगळ्यांना फाशीच हवी होती. नानी तर प्रत्येक नमाजनंतर तेच मागायची. कोर्टाने जन्मठेप दिली. निकालाच्या दिवशी अम्मी म्हणाली, “म्हणजे तो जेवणार, झोपणार, आणि माझा भाऊ मातीत.” याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

पुष्कळ वर्षांनी तो सुटून आला. नानीने त्याला एसटी स्टँडवर पाहिलं. घरी येऊन ती ओट्यावर बसून राहिली, जेवली नाही. मी जवळ जाऊन विचारलं, “नानी, त्याला बघून राग आला?”

ती म्हणाली, “म्हातारा झालाय गं तो. केस पांढरे झालेत. मी इतकी वर्षं त्या पोराला बद्दुआ देत होते, तो पोरगा राहिलाच नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “माझा मात्र तेवीसचाच राहिला.”

तिने त्याला माफ केलं का? नाही. मरेपर्यंत त्या घराचं पाणीही ती प्याली नाही. पण त्या दिवसानंतर बद्दुआ थांबली. म्हणून मी कोणत्याही आईला, बहिणीला सांगणार नाही की तू माफ कर. माफी ही फक्त तिची. कोर्टाचं काम वेगळं आहे. नानीला रागात निर्णय घ्यायचा हक्क होता, सरकारला तो नाही.

आता शिक्षिका म्हणून ज्या आकड्याने माझी झोप उडवली, तो सांगते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशातल्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ मध्ये एक अहवाल काढला. त्यात दिसलं की चारांतले जवळपास तीन कैदी गरीब घरांतले. सुमारे ७६ टक्के मागास जातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक. आणि सुमारे ६२ टक्के कैद्यांनी माध्यमिक शाळाच पूर्ण केलेली नव्हती. त्याच अभ्यासात हेही होतं की खालच्या कोर्टाने दिलेल्या शंभर फाशींपैकी पाचांहून कमी शेवटपर्यंत टिकल्या. जवळपास तीस जण तर निर्दोष सुटले. आजही देशात पाचशेहून अधिक माणसं फाशीच्या यादीत आहेत, आणि २००४ पासून प्रत्यक्षात फाशी झाली ती आठ जणांना. येरवडा आणि नागपूर, महाराष्ट्रात फाशी या दोनच तुरुंगांत होते. २०१२ मध्ये येरवड्यात कसाब, २०१५ मध्ये नागपुरात याकूब मेमन. त्या दोन्ही वेळा घराघरांत वाद झाले, प्रत्येकाने आपापल्या बाजूने. मला मुलांना एवढंच शिकवायचं होतं की नाव बघून बाजू घेऊ नका. नाशिकचे ते सहा जण ‘आपले’ होते की ‘त्यांचे’, असा हिशोब केला असता तर त्यांची गोष्ट आपण वाचलीच नसती.

माध्यमिक शाळा पूर्ण न केलेले ६२ टक्के. आमच्या हमरापुरात गणेशोत्सवाआधी रंगकाम जोरात सुरू झालं की नववीची दोन-चार बाकं रिकामी होतात. पोरं कारखान्यात जातात, हाताला काम मिळतं, त्यात वाईट काही नाही. पण त्यांतला एखादा परत येतच नाही. शाळा सोडलेला प्रत्येक मुलगा गुन्हेगार होतो, असं मी मुळीच म्हणत नाही. एवढंच म्हणते की संकट आलं, पोलिसांनी खरं-खोटं कसंही धरलं, तर कागद वाचता न येणारा, वकील कुठे मिळतो ते न जाणणारा माणूस सगळ्यात आधी बुडतो. फाशी ही त्या रस्त्याच्या शेवटची पाटी आहे, रस्ता त्याच्या खूप आधी सुरू होतो.

म्हणून या वेळी घरच्यांसाठी थोडी कामाची माहितीही देते. कापून ठेवलीत तरी चालेल. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करावंच लागतं. अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकिलाशी बोलू द्यावं लागतं. न वाचता कशावरही सही किंवा अंगठा देऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही माणूस यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्यासाठी अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवरून विचारायचं तर १५१०० हा क्रमांक. आणि अत्याचार झालेल्या स्त्रिया-मुलांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिथे मदत आणि उपचार मागता येतात. आपण मोबाइलवर ‘फाशी द्या’ म्हणून संदेश पुढे पाठवतो, पण त्या घराला हा नंबर कळवत नाही. मी स्वतः पाठवलेले आहेत, म्हणून सांगते.

माझं मत विचाराल, तर ते बदललं आहे. खुनी माणूस मोकळा फिरावा असं मला वाटत नाही. त्याला आयुष्यभर आत ठेवा, माझी हरकत नाही. पण जोवर गरिबाच्या खटल्यात तपास आणि वकील असा नशिबावर आहे, तोवर सरकारच्या हाती दोर नसावा, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. माझ्या घरातच ते वेगळं आहे. अम्मीला हा लेख वाचून दाखवला, ती शेवटपर्यंत ऐकत होती. म्हणाली, “बरोबर लिहिलंस. पण माझं मन तयार नाही.” मी ते वाक्यही लेखात घालते म्हणाले. “घाल,” ती म्हणाली.

स्पर्धा गेल्या शनिवारी झाली. आमच्या मुलांना बक्षीस मिळालं नाही. ‘असावी’ बाजूने बोलणारा मुलगा फार छान बोलला, पण मध्येच नाशिकच्या सहा जणांचं उदाहरण सांगून बसला आणि स्वतःचाच मुद्दा खोडला. परीक्षक हसले. परत येताना टेम्पोत मी पुन्हा हात वर करायला सांगितले. जी दहा मुलं बरोबर होती, त्यांत सहा ‘असावी’, तीन ‘नसावी’. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने कुठलाच हात वर केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मॅडम, मला अजून वाचायचंय.”

सोमवारी तिला शाळेच्या ग्रंथालयातून राज्यघटनेचं मराठी पुस्तक काढून दिलं. अल्लाह तिच्या इल्ममध्ये बरकत देवो.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शा अल्लाह.